घरात अँबियंट संगीत लावण्याची रीत: नव्या श्रोत्यासाठी

मराठीत आपण दिवा लावतो, उदबत्ती लावतो आणि गाणेही लावतो. अँबियंट संगीताच्या बाबतीत हे क्रियापद दिवा-उदबत्तीच्या अर्थाने घ्यावे लागते, कारण सिंथेसायझर, पियानोचे लांबत जाणारे स्वर आणि टेपवर पुन्हा पुन्हा फिरणारे ध्वनी यांतून घडवलेले हे संगीत खोलीत लावून ठेवावे आणि तिथेच आपली कामे चालू ठेवावीत, अशा बेताने रचलेले असते. त्यात बहुधा ठेका नसतो, शब्द नसतात, मुखडा नसतो, आणि पाचव्या मिनिटाला ते जिथे असते तिथेच पंधराव्या मिनिटालाही असू शकते. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांचा जो विरस होतो त्याला अल्बमची निवड क्वचितच जबाबदार असते. बहुतेक वेळा आवाज फार मोठा ठेवलेला असतो, असे माझे मत आहे. म्हणून या लेखात आवाजाची चर्चा आधी येईल आणि कोणते अल्बम ऐकावेत हे नंतर.

मुळाशी एक अपघात

जानेवारी १९७५ मध्ये ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराला लंडनमध्ये टॅक्सीची धडक बसली. ते घरी अंथरुणावर पडून असताना भेटीला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्प या तंतुवाद्याच्या संगीताची एक तबकडी आणून दिली. ती गेल्यावर ईनो यांनी कसेबसे उठून तबकडी लावली आणि परत येऊन पडल्यावर त्यांच्या लक्षात आले की अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी आहे आणि दोनपैकी एक स्पीकर बंदच आहे. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता आणि हार्पचे जे थोडे स्वर त्या पावसाच्या वर येत होते तेवढेच ऐकू येत होते. संगीत हे प्रकाशासारखे किंवा पावसाच्या आवाजासारखे परिसराचाच एक भाग होऊ शकते, हे आपल्याला त्या दिवशी उमगले, असे त्यांनी त्याच वर्षी निघालेल्या ‘डिस्क्रीट म्युझिक’ या तबकडीच्या वेष्टनावर लिहून ठेवले आहे. त्याच टिपणात त्यांनी श्रोत्याला एक सूचनाही केली आहे: आवाज इतका कमी ठेवावा की संगीत अधूनमधून ऐकूच येईनासे व्हावे. पुढे जे काही सांगायचे आहे ते बरेचसे या एका सूचनेचाच विस्तार आहे.

कल्पना म्हणून हे अगदी नवे नव्हते. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९२० मध्ये पॅरिसमधील एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात ‘फर्निचर संगीत’ वाजवून पाहिले होते आणि लोकांनी त्याकडे लक्ष देऊ नये अशी विनंती केली होती. लोक मात्र शिस्तीत गप्प बसून ऐकू लागले, तेव्हा साती यांना बोला, फिरा असे त्यांना सांगत हिंडावे लागले. ईनो यांनी १९७८ मध्ये ‘अँबियंट १: म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बमद्वारे या प्रकाराला नाव दिले आणि कसोटीही घालून दिली: हे संगीत जितके लक्ष देण्याजोगे असेल तितकेच दुर्लक्ष करण्याजोगेही असले पाहिजे. हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजणारे पाणचट संगीत आणि हे यांतला फरक इथेच आहे, कारण लिफ्टमधले संगीत फक्त दुर्लक्ष करण्यासाठीच असते आणि चुकून लक्ष गेलेच तर कीव येते.

पहिली पायरी: वेळ आणि काम ठरवावे

सुरुवातीला डोळे मिटून, मांडी घालून बसू नये. ध्यानाला बसल्यासारखे बसले की काहीतरी घडेल अशी अपेक्षा तयार होते आणि ती पुरी होत नाही. त्याऐवजी हाताला गुंतवणारे पण डोक्याला फारसे न लागणारे एखादे काम निवडावे. भाजी निवडणे, इस्त्री करणे, कपाट आवरणे, चित्र रंगवणे यांपैकी काहीही चालेल. वाचन चालते, फोनवर स्क्रोल करत बसणे मात्र चालत नाही, कारण त्या छोट्या चित्रफितींना स्वतःचा आवाज असतो. दूरदर्शन संच चालू असलेल्या घरात हा प्रयोग करण्यात अर्थ नाही.

वेळेच्या बाबतीत दिवेलागणीचा तास मला सर्वांत योग्य वाटतो. रस्त्यावरची गडबड असतेच, कुठेतरी कुकरची शिट्टी होते, खाली मुले खेळत असतात, आणि हे सगळे चालू असताना खोलीत मंद संगीत असणे हीच या प्रकाराची खरी जागा आहे. पूर्ण शांततेची वाट पाहणाऱ्याला, विशेषतः आपल्या शहरांत राहणाऱ्याला, हे संगीत कधीच ऐकायला मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. पावसाळ्याची संध्याकाळ मिळाली तर ईनो यांच्या त्या खोलीत आणि आपल्या खोलीत फार अंतर उरत नाही.

दुसरी पायरी: आवाज

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे थोडा वेळ काढावा. संगीत सुरू करून नेहमीच्या सवयीने जेवढा आवाज ठेवतो तेवढा ठेवावा. मग तो हळूहळू कमी करत जावे आणि ज्या क्षणी फ्रिजची घरघर, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक किंवा बाहेरच्या झाडावरचे पक्षी संगीताच्या बरोबरीने ऐकू येऊ लागतील तिथे थांबावे. खोलीत दोन माणसे असतील तर त्यांना आवाज न चढवता बोलता आले पाहिजे. पहिल्या पाच मिनिटांत हा आवाज फारच कमी वाटेल आणि हात पुन्हा बटणाकडे जाईल, तो आवरावा. कान थोड्या वेळात त्या पातळीला सरावतात आणि मग तेच स्वर पुरेसे स्पष्ट वाटू लागतात.

आवाज कमी केल्यावर एक अडचण मात्र खरोखरच उद्भवते. माणसाच्या कानाला मंद आवाजात खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच याचे आलेख प्रसिद्ध केले होते. त्यामुळे मोठ्या आवाजात भरदार वाटणारा खर्ज आवाज कमी करताच विरून जातो आणि संगीत पातळ वाटते. जुन्या स्टीरिओ संचांवर ‘लाउडनेस’ नावाचे जे बटण असे ते याच कारणासाठी होते. आता ते नसेल तर फोनच्या इक्वलायझरमध्ये, म्हणजे वरचे-खालचे स्वर कमी-जास्त करण्याच्या सोयीत, खालच्या पट्ट्या किंचित वर सरकवाव्यात. किंचितच, कारण सोसायटीच्या भिंतींतून पलीकडे जातो तो खर्जच, आणि शेजारच्यांना अर्धे संगीत ऐकवणे बरे नव्हे.

छताचा पंखा हा आपल्याकडचा एक खास प्रश्न आहे. त्याचा आवाज एका सुरात नसतो, तो सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यामुळे संगीतातील अतिशय बारीक, वरचे आणि विरत जाणारे ध्वनी तो झाकून टाकतो. शक्य असेल तेव्हा रेग्युलेटर एक-दोन घरे खाली आणावा. मे महिन्यात हे जमणार नाही, तेव्हा पियानो किंवा घंटेसारखे ठळक स्वर असलेले अल्बम निवडावेत आणि नुसत्या धूसर ध्वनींचे अल्बम थंडीसाठी राखून ठेवावेत.

तिसरी पायरी: साधने

महागड्या साधनांची गरज नाही. मात्र फोनचा स्वतःचा स्पीकर वापरू नये, कारण एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर बाहेर पडणे शक्यच नसते. एक साधा ब्लूटूथ स्पीकर पुरतो, पण दोन स्पीकर असतील तर फार बरे, कारण या संगीतात डावीकडून उजवीकडे होणारी संथ हालचाल हा रचनेचाच भाग असतो. एकच स्पीकर असेल तर तो टेबलाच्या मधोमध ठेवण्याऐवजी भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवावा; तिथे खर्जाला भिंतीचे बळ मिळते. त्याचे तोंडही आपल्याकडे नसले तरी चालते. ध्वनी भिंतीवर आपटून खोलीत पसरला तर तो कुठून येतो आहे हे कळत नाही, आणि इथे आपल्याला नेमके तेच हवे आहे. उत्तम स्टीरिओ ऐकणाऱ्या जाणकारांना हा सल्ला पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

ईनो यांनी स्वतः १९८२ मधील ‘अँबियंट ४: ऑन लँड’ या अल्बमच्या वेष्टनावर समोरच्या दोन स्पीकरांच्या जोडीला श्रोत्याच्या मागे तिसरा स्पीकर कसा जोडावा याची आकृतीच छापली होती. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरला ती जोडणी मानवेल याची खात्री असल्याशिवाय तारांशी खेळू नये. पण श्रोता ध्वनीच्या समोर नसून आत असावा, हा त्या आकृतीमागचा विचार लक्षात ठेवावा. फरशी, काचा आणि उघड्या भिंती यांमुळे खोली घुमत असेल तर एक सतरंजी, जाड पडदा किंवा भरलेले पुस्तकांचे कपाट पुष्कळ काम करते.

हेडफोन वापरायला हरकत नाही, पण त्यात खोली नाहीशी होते. रात्री सगळे झोपल्यावर किंवा लोकलच्या प्रवासात ते ठीक आहेत. पहिली ओळख मात्र स्पीकरवर व्हावी.

चौथी पायरी: अ‍ॅप ताब्यात घ्यावे

स्ट्रीमिंगचे अ‍ॅप वापरत असाल तर चार गोष्टी आधीच तपासाव्यात. शफल बंद असावे. दोन रचना एकमेकींत मिसळणारे क्रॉसफेड शून्यावर असावे. सूचनांचे टिंग-टिंग बंद असावे. आणि ऑटोप्ले बंद असावे, ज्याच्या सोयीमुळे अल्बम संपताच अ‍ॅप स्वतःच्या मनाने तत्सम काहीतरी वाजवू लागते. अल्बम संपल्यानंतर खोलीत पुन्हा नुसते खोलीचेच आवाज उरतात आणि ते थोडे वेगळे, थोडे जवळचे वाटतात. ऐकण्यातला तो महत्त्वाचा भाग आहे आणि ऑटोप्ले तो खाऊन टाकते. फुकटच्या सदस्यत्वात मध्येच जाहिरात ओरडत असेल तर अल्बम विकत घेऊन फोनमध्ये उतरवून ठेवणे उत्तम. बँडकँपसारख्या ठिकाणी या प्रकारातले बरेच संगीत थेट संगीतकारांकडून घेता येते.

‘झोपेसाठी’, ‘एकाग्रतेसाठी’, ‘अमुक हर्ट्झची आरोग्यदायी लहर’ अशा नावांच्या तयार याद्यांपासून नव्या श्रोत्याने दूर राहावे. त्यांतले आरोग्याचे दावे बाजूला ठेवले तरी मुख्य तोटा असा की दोन-तीन मिनिटांचे पंचवीस निनावी तुकडे ऐकून कोणाचीच ओळख होत नाही.

पाचवी पायरी: आठवडाभर एकच अल्बम

पहिला अल्बम म्हणून मी ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’च सुचवीन. त्यात चारच रचना आहेत आणि सगळा मिळून तो सुमारे ४८ मिनिटांचा आहे. पहिल्या रचनेत रॉबर्ट वायट यांच्या पियानोचे काही मोजके स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतात, दुसरीत केवळ मानवी आवाज आहेत, तिसरीत पियानो आणि आवाज एकत्र येतात आणि चौथीत सिंथेसायझर आहे. सात दिवस तोच अल्बम त्याच वेळी, त्याच आवाजात लावावा. पहिल्या दिवशी घरातले कोणीतरी ‘हे गाणे सुरू कधी होणार?’ असे विचारील. तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. पाचव्या-सहाव्या दिवशी काम करता करता पियानोचा एखादा स्वर येण्याआधीच तो येणार हे कळू लागते, आणि कधीकधी तो अपेक्षेहून उशिरा येतो. माझे तरी या प्रकाराशी नाते तिथून जुळले.

दुसऱ्या रचनेची घडण एकदा समजून घेण्यासारखी आहे. गायिकांचे एकेक लांबवलेले स्वर टेपच्या निरनिराळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर मुद्रित करून ती वेटोळी एकाच वेळी फिरत ठेवली आहेत. त्यांतले एक साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येते, दुसरे जवळजवळ २६ सेकंदांनी आणि तिसरे जवळजवळ ३० सेकंदांनी. वेगवेगळ्या मात्रांची आवर्तने एकाच वेळी सुरू केली तर ती सगळी मिळून समेवर येण्यास फार वेळ लागतो, हे तालाशी परिचय असलेल्या वाचकाला सांगायला नको. इथे ती सम रचना संपेपर्यंत येतच नाही. त्यामुळे प्रत्येक स्वर ओळखीचा असतो, पण त्यांची गाठ दर वेळी नवी पडते. संगीतकाराने सामग्री आणि नियम ठरवून दिले आणि मग हात काढून घेतला, एवढेच.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याजवळ इथे एक शिदोरी आधीपासूनच असते. गायक येण्यापूर्वी दोन तंबोरे नुसते चालू असतात तेव्हा त्या जुळलेल्या तारांतून जे स्वयंभू स्वर उमटत राहतात ते ऐकण्याची सवय असलेल्या कानाला, ‘काहीच घडत नाही’ अशा ध्वनीत किती घडत असते हे ठाऊक असते. हे नाते नुसत्या साम्याचे नाही. किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली हे तिथले संगीतकार त्यांचे शिष्य झाले. दीर्घ, अचल स्वरांवर उभे राहणारे पाश्चात्त्य संगीत ज्यांनी घडवले त्यांत या दोघांचे स्थान पहिल्या रांगेत आहे. प्राणनाथांकडेच शिकलेले ट्रंपेटवादक जॉन हॅसेल यांनी १९८० मध्ये ईनो यांच्यासमवेत अल्बम केला, आणि त्यातल्या ट्रंपेटची मींड ऐकली की शिक्षण कुठले ते वेगळे सांगावे लागत नाही. तरीही एक सावधगिरी बाळगावी: रागाच्या बढतीची वाट पाहत अँबियंट ऐकू नये. बढत नसते. विलंबित ख्याल कितीही संथ असला तरी तो कुठेतरी निघालेला असतो.

पुढे काय ऐकावे

आठवड्यानंतर आपल्या आवडीची दिशा कळते. पियानो आवडला असेल तर हॅरॉल्ड बड यांच्याकडे वळावे. ईनो यांच्याबरोबरचा ‘द प्लॅटोज ऑफ मिरर’ (१९८०) मऊ आहे, गोड नाही. संतूर आवडणाऱ्यांनी लाराजी या अमेरिकन वादकाचा ‘डे ऑफ रेडियन्स’ (१९८०) जरूर ऐकावा. विद्युत झिदर या संतूरसारख्या तंतुवाद्याच्या तारा छेडून आणि आघात करून त्यांनी जे नाद काढले आहेत ते आपल्या कानाला मुळीच परके वाटत नाहीत. त्याची पहिली बाजू द्रुत आणि लयदार असल्याने ती सकाळी लावावी आणि दुसरी, संथ बाजू रात्रीसाठी ठेवावी. एका दमात तासभर चालणारी एकच रचना हवी असेल तर ईनो यांचा ‘थर्सडे आफ्टरनून’ (१९८५) आहे. तबकडी उलटण्याची गरज सीडीमुळे संपली आणि ६१ मिनिटांची सलग रचना शक्य झाली, त्या संधीचे ते फळ आहे.

घरात ऐकण्याच्या दृष्टीने मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटतात ते जपानचे हिरोशी योशिमुरा (निधन २००३). त्यांचा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ (१९८२) टोकियोच्या हारा संग्रहालयात वाजत असे आणि तेथे येणारे लोक त्याची चौकशी करू लागले, त्यातून तो प्रसिद्ध झाला. खिडकीतून दिसणारी हालचाल आणि थोडेसे स्वर, एवढेच त्याचे भांडवल आहे. त्यांचा ‘सराउंड’ (१९८६) तर एका जपानी गृहबांधणी कंपनीने आपल्या नव्या घरांसाठी मुद्दाम करवून घेतला होता. घराच्या भिंती, प्रकाश आणि हवा यांच्या जोडीला ध्वनीचीही सोय असावी, हा त्यामागचा हेतू होता. आपल्याकडचे बिल्डर दरवाज्याच्या घंटीवर थांबतात. लहान खोलीत, अगदी कमी आवाजात, दिवसाउजेडी ऐकण्यासाठी योशिमुरा यांच्यासारखा संगीतकार मला दुसरा सापडलेला नाही, आणि ईनो यांचा विमानतळ ज्यांना थंड वाटला त्यांनी निराश न होता थेट इथे यावे.

सगळेच अँबियंट सौम्य नसते, हेही आधी कळलेले बरे. ‘ऑन लँड’मध्ये दलदल, वारा, दूरचे प्राणी आणि अंधार आहे. अ‍ॅफेक्स ट्विन यांच्या १९९४ मधील ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स, खंड २’ मधील जवळजवळ सर्व रचनांना शीर्षकेच नाहीत आणि त्यांतल्या काही रात्री एकट्याने ऐकताना दचकवतात. विल्यम बसिन्स्की यांनी २००१ मध्ये आपल्या जुन्या टेप डिजिटल स्वरूपात उतरवायला घेतल्या तेव्हा फिरता फिरता टेपवरचा चुंबकीय लेपच झडू लागला. तो झडत असतानाचा आवाज, म्हणजे तीच सुरावट फेरीगणिक विरत जाताना, ‘द डिसिंटिग्रेशन लूप्स’मध्ये ऐकू येते. त्यातली पहिली रचना तासाहून मोठी आहे. पाहुणे आलेले असताना ती लावू नये.

शेवटची पायरी: तीन फोन घेऊन

महिनाभर ऐकून झाल्यावर एक रविवार या प्रयोगाला द्यावा. घरातले तीन फोन घ्यावेत. पहिल्यावर पेटीच्या किंवा तंबोऱ्याच्या आधाराने षड्ज ‘आ’कारात सात-आठ सेकंद लावावा आणि मग काही न बोलता मुद्रण २३ सेकंदांपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्यावर पंचम लावून एकूण २६ सेकंदांचे आणि तिसऱ्यावर तार षड्ज लावून ३० सेकंदांचे मुद्रण करावे. आवाज चांगला असण्याची अट नाही. स्वर मात्र स्थिर हवा. तिन्ही फोनवर ‘पुन्हा पुन्हा वाजवा’ हा पर्याय निवडून ते खोलीच्या तीन कोपऱ्यांत ठेवावेत, आवाज आधी सांगितल्याप्रमाणे कमी करावा आणि कामाला लागावे. या तीन मुद्रणांची मूळ मांडणी जशीच्या तशी परत यायला जवळजवळ अडीच तास लागतात, तेव्हा फोन आधी चार्ज करून ठेवावेत.